१२३४५६७८९० ची कुंडली: ५०० पर्यंत भाग गेला नाही, मग उरलेली संख्या मूळ समजायची का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करता आहात. क्लासमध्ये सरांनी १२३४५६७८९० ही संख्या फळ्यावर लिहिली आणि हिची कुंडली मांडून आणा म्हणाले: मूळ आहे का, मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, पूर्ण वर्ग आहे का, आणखी काही खास असेल तर तेही. तुम्ही २, ३, ३ आणि ५ बाहेर काढलेत, १३७१७४२१ उरले. मग ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंत, एकीनेही भाग गेला नाही. आता विचारताय की हिला मूळ म्हणून मोकळं व्हावं का, आणि नाही तर भागत कुठवर बसायचं.

मोकळं होऊ नका. १३७१७४२१ ही ३६०७ गुणिले ३८०३ आहे, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. पण नुसतं उत्तर हवं असतं तर ते मोबाइलनेही दिलं असतं. तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला वर्षानुवर्षं दिसते आहे. भंवरकुआँला कोचिंगला जाणारी मुलं रविवारी माझ्याकडे शंका घेऊन येतात, त्यांच्यातला दर दुसरा असाच अडकलेला असतो. 'भाग गेला नाही' आणि 'मूळ आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि मधलं अंतर किती ते मोजायची सवय शाळेत कोणी लावत नाही. विभाज्यतेच्या कसोट्या पाठ असतात, थांबायचं कुठे ते ठाऊक नसतं.

आधी तुम्ही केलेल्या कामाची किंमत करू. ५०० पर्यंत ९५ मूळ संख्या आहेत, म्हणजे ९५ भागाकार झाले, आणि ते वाया गेलेले नाहीत. त्यांतून एक चांगली गोष्ट सिद्ध झाली आहे, फक्त तुम्ही ती लिहून ठेवली नाहीत. उरलेल्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ५०० पेक्षा मोठा आहे. तसे तीन अवयव असते तर गुणाकार ५०० च्या घनापेक्षा, म्हणजे साडेबारा कोटींपेक्षा मोठा झाला असता. आपली संख्या तर एक कोटी सदतीस लाखांच्या घरातली. तेव्हा १३७१७४२१ एक तर मूळ आहे, नाहीतर बरोबर दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. तिसरी शक्यता उरत नाही. खरं तर हा निष्कर्ष काढायला ५०० पर्यंत जायचीही गरज नव्हती. २३९ चा घन १३६५१९१९ आणि २४० चा १३८२४०००, म्हणजे २३९ पर्यंत भागून झालं की तिथेच हे म्हणता आलं असतं.

तर पहिला थांबा घनमूळ. तिथवर काही सापडलं नाही तर प्रश्नाचं रूप बदलतं: मूळ की दोघांचा गुणाकार? शेवटचा थांबा वर्गमूळ, हे तुम्हाला माहीत असेलच. दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे येतं. सरळ भागतच गेला असतात तर ३६०७ ला पोचला असतात, पण ती ५०४ वी मूळ संख्या आहे. अजून चारशेहून जास्त भागाकार. हाताने एवढं करणारा माणूस मला भेटायचा आहे.

इथे थोडं थांबून संख्येकडे नीट बघायचं. दोन अवयव आहेत असं धरलं, आणि दोघंही ५०० ते २७४३५ यांच्या मध्ये कुठेतरी आहेत. ते एकमेकांपासून लांब आहेत की जवळ, हे आपल्याला ठाऊक नाही. लांब असतील तर लहान अवयव भागाकारानेच सापडेल. जवळ असतील तर दोघंही वर्गमूळाच्या आसपास असणार, आणि मग खालून वर चढत जाण्यापेक्षा वर्गमूळापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. त्यासाठी आठवीतलंच सूत्र पुरतं: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). कुठलीही विषम संयुक्त संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. अ म्हणजे दोन अवयवांचा मध्य, ब म्हणजे त्यांच्या अंतराचं निम्मं. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून निघायचं, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का पाहायचं.

करून बघू. ३७०४ चा वर्ग १३७१९६१६. त्यातून १३७१७४२१ गेले, उरले २१९५. हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढायची गरजच नाही. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, हा ९५ ने संपतो, सोडून द्या. पुढे ३७०५. वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४. आता १०० मधून २ वजा करून वर्ग करा: १०००० − ४०० + ४ = ९६०४. म्हणजे ९८ चा वर्ग! अ ३७०५, ब ९८. अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन पायऱ्यांत काम झालं.

वजाबाक्या करण्याआधी आणखी एक चाळणी लावली असती तर पहिली पायरीही वाचली असती. मला या पद्धतीत हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० राहते, विषम संख्येच्या वर्गाची १. आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक २१, म्हणजे ४ ने भागल्यावर बाकी १. अ² − ब² ची बाकी १ यायची तर अ विषमच असायला हवा आणि ब सम. झालं, ३७०४ बाद. आता ३ कडे वळा. कुठल्याही वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ ने भागल्यावर बाकी २. ० किंवा १ मधून ० किंवा १ वजा करून २ यायची एकच वाट आहे: ० मधून १, म्हणजे −१, तीच २. म्हणजे अ हा ३ च्या पटीत हवा. विषम आणि ३ च्या पटीतला, वर्गमूळाच्या वरचा पहिला पूर्णांक कोणता? ३७०५. पुढचे उमेदवार ३७११, ३७१७ असे सहाच्या टप्प्याने. या संख्येच्या बाबतीत पहिलाच उमेदवार लागला.

या पद्धतीला फर्माची पद्धत म्हणतात. फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४३ च्या एका पत्रात २०२७६५१२८१ या संख्येचे अवयव असेच काढून दाखवले: ४५०३० पासून निघून ४५०४१ ला पोचले, वजाबाकी १०४०४०० आली, ती १०२० चा वर्ग, आणि अवयव मिळाले ४४०२१ आणि ४६०६१. बारा पायऱ्या. आपल्याकडे नारायण पंडितांच्या १३५६ मधल्या 'गणितकौमुदी'तही वर्गांच्या वजाबाकीवरून अवयव काढायची रीत आहे, म्हणजे फर्मांच्या पत्राच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षं आधी. आपल्या अभ्यासक्रमात ती का नाही, हा मला नेहमी पडणारा प्रश्न.

एक सावधगिरी मात्र घ्या. फळ्यावरच्या अख्ख्या १२३४५६७८९० वर ही पद्धत थेट लावायला गेलात तर जन्मभर काही सापडणार नाही. तिचे शेवटचे दोन अंक ९०, ४ ने भागल्यावर बाकी २. दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी ०, १ किंवा ३ येते, २ कधीच येत नाही. म्हणून २ आधी बाहेर काढायलाच हवा. तुम्ही तो काढला होता, ते बरंच झालं.

आता उत्साहाच्या भरात प्रत्येक संख्येवर फर्मा लावत सुटू नका. हेच अंक उलटे करा: ९८७६५४३२१०. यातूनही ९० सहज निघतात, उरतात १०९७३९३६९. वर्गमूळ साधारण १०४७५ च्या पुढचं. इथे वर्गमूळापासून सुरुवात केलीत तर पावणेदोन लाखांहून जास्त पायऱ्या चढल्यावर उत्तर मिळेल. आणि भागाकाराने? ७, ११, १३ नाहीत, १७ ने भाग जातो: ६४५५२५७. पुन्हा १७ ने जातो: ३७९७२१. चार-पाच मिनिटांत एवढं होतं. उरलेली ३७९७२१ मूळ आहे. ते हाताने पक्कं करायला ६१६ पर्यंत, म्हणजे शंभराहून थोड्या जास्त मूळ संख्या, भागून पाहाव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण आवाक्यातलं.

दोन्ही संख्यांना दहाच अंक, तेच अंक, एकीचे अवयव वर्गमूळाला चिकटलेले, दुसरीचे दूर फेकलेले. म्हणून मुलं 'सर, एवढी मोठी संख्या!' म्हणतात तेव्हा मी विचारतो की मोठी म्हणजे काय. संख्या किती अंकी आहे यावरून ती किती छळेल ते ठरत नाही, तिचे अवयव कुठे दडले आहेत यावरून ठरतं. ते आधी माहीत नसतं, म्हणून दोन्ही दारं थोडी थोडी ठोठवायची. माझा स्वतःचा क्रम असा: २, ३, ५ काढून टाकायचे. मग ७, ११, १३ एकाच फटक्यात तपासायचे. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक वजा-अधिक केले की पुरे. १३७१७४२१ चं ४२१ − ७१७ + १३ = −२८३. आणि २८३ ला ७, ११, १३ पैकी कोणीच भागत नाही. तीन भागाकार वाचले. मग शंभरपर्यंतच्या मूळ संख्या, मग ४ आणि ३ ची चाळणी लावून फर्माच्या आठ-दहा पायऱ्या, आणि तरीही काही नाही मिळालं तर पुन्हा भागाकाराकडे, घनमूळापर्यंत. पुस्तकात हा क्रम कुठे दिलेला नाही, माझ्या हाताला बसलेला आहे. दुसऱ्याचा वेगळा असेल.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत हे मात्र तपासा, माझ्या शब्दावर विसंबू नका. तुम्ही ५०० पर्यंत भागलेलंच आहे आणि दोघींची वर्गमूळं ६० ते ६२ च्या मध्ये आहेत. १३७१७४२१ ला ५०० पर्यंतची कुठलीच मूळ संख्या भागत नाही, मग तिच्या अवयवांना कशी भागेल? म्हणजे दोन्ही मूळ असल्याचं तुमच्याच कामातून सिद्ध झालं.

अवयव हातात आले की सरांच्या कुंडलीतली बाकीची घरं पाच मिनिटांत भरतात. संख्या झाली २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३. विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार, २ × ३ × २ × २ × २ = ४८. ते लिहूनही काढता येतात, घाबरायचं कारण नाही. ९० चे बारा विभाजक घ्या (१, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०), त्या प्रत्येकाला १, ३६०७, ३८०३ आणि १३७१७४२१ ने गुणा, झाली ४८ ची यादी. त्यांतली एकमेकांच्या सगळ्यात जवळची जोडी ३४२२७ × ३६०७०, कागदावर गुणून बघा, बरोबर १२३४५६७८९० येतं.

विभाजकांची बेरीज: (१ + २)(१ + ३ + ९)(१ + ५)(१ + ३६०७)(१ + ३८०३), म्हणजे ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३२११६१०६८८. यातून संख्या स्वतः वजा केली की उरते १९७७०४२७९८, जी त्या संख्येपेक्षा मोठी आहे, म्हणून ही विपुल संख्या. पण याचं फार कौतुक करू नका. ६ च्या पुढची ६ ची प्रत्येक पट विपुलच असते, १२ सुद्धा. संख्येशी सहमूळ अशा तिच्याहून लहान संख्या किती, हे विचारलं तर १ × ६ × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२९०४०२८८.

पूर्ण वर्ग नाही, हे तर शेवटच्या एकट्या शून्यावरूनच कळतं. पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्यं जोडीने येतात. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? नाही. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारा मूळ अवयव विषम घातात आला की ते शक्य नसतं, आणि इथे ३६०७ आणि ३८०३ दोन्ही तसलेच. दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही नाही, ते वर आलंच. कुंडलीत हे दोन 'नाही' जरूर लिहा, सर खूश होतील.

'आणखी काही खास' या घरात मुलं काय काय भरतात ते मला ठाऊक आहे, म्हणून थोडं सविस्तर. अंकांवरून दिसणारे गुण आणि संख्येचे गुण, यांत मी फरक करतो. १, २, ३ असे ओळीने अंक येणं हा आपल्या दहाच्या पायात लिहिण्याचा योगायोग आहे. तीच संख्या दोनच्या पायात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ३१ अंकी होते आणि त्या ओळीत कसलीही नक्षी दिसत नाही. तिचे अवयव मात्र तेच राहतात. घराचा पत्ता कुठल्याही लिपीत लिहिला तरी घर तिथेच असतं. विभाजक, बेरीज, सहमूळ संख्या हे सगळं घराचं; अंकांची बेरीज, उलटसुलट करणं हे पत्त्याचं.

पण पत्त्याचे खेळही फालतू नसतात, आणि आपल्या मराठी माणसाने त्यात नाव काढलं आहे. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच फिरत राहतं. हे त्यांनी १९४९ मध्ये जगासमोर मांडलं. आता तीच क्रिया तुमच्या संख्येवर करा. उतरता क्रम ९८७६५४३२१०, चढता ०१२३४५६७८९, वजाबाकी ९७५३०८६४२१. या उत्तराचे अंक मोजा: ० ते ९ प्रत्येक एकदाच! म्हणजे पुन्हा तीच उतरती, तीच चढती, तीच वजाबाकी. एका पायरीत संख्या स्थिर झाली. दहा अंकी संख्यांसाठी ९७५३०८६४२१ ही कापरेकरांच्या ६१७४ ची बहीण आहे. हे कुंडलीत लिहाच, क्लासमध्ये बाकी कोणी आणणार नाही.

अंकांवरून एक पक्कं विधानही निघतं. ० ते ९ हे दहाही अंक एकेकदा वापरून कशीही संख्या बनवा, बेरीज ४५ च येणार, ९ ने भाग जाणारच. म्हणजे अशी एकही संख्या मूळ नसते, लाखो मांडण्यांपैकी एकही नाही. इथे एक युक्ती म्हणून १२३४५६७८९ आणि ९८७६५४३२१ यांचा मसावि काढा. दुसरी संख्या = ८ × पहिली + ९, बरोबर ९ बाकी. म्हणून मसावि ९ ला भागणारा हवा, आणि ९ दोघींना भागतोच, तेव्हा मसावि ९. अवयव न काढता एका ओळीत उत्तर.

जाता जाता, संगणकवाल्या पोरांसाठी एक गंमत. बऱ्याच संगणकांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. तो आकडा १२३४५६७८९० झाला तेव्हा भारतात १४ फेब्रुवारी २००९ ची पहाट होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद. ३२ बिटांच्या जुन्या रचनेत हा मोजणीचा आकडा २१४७४८३६४७ पर्यंतच जातो, तो १९ जानेवारी २०३८ ला संपेल. आणि २१४७४८३६४७ ही स्वतः मूळ संख्या आहे, हे गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्येच दाखवलं होतं. तुम्ही प्रोग्रॅम लिहून तपासणार असाल तर लक्षात ठेवा: १२३४५६७८९० त्या मर्यादेत बसते, ९८७६५४३२१० बसत नाही, उत्तर चुकीचं येईल आणि कारण कळणार नाही.

तुम्ही विचारलंय की संगणक एवढ्या लवकर कसं सांगतो. दोन वेगवेगळी कामं आहेत. आपल्या दहा अंकी संख्येसाठी तर तो नुसते ३५१३६ पर्यंत भागाकार करूनही पापणी लवायच्या आत उत्तर देतो. पण शेकडो अंकी संख्या मूळ आहे की नाही ते पाहायचं तर भागाकार करत नाहीत. संख्या मूळ असेल तर २ च्या तिच्याहून एक कमी घाताला तिने भागल्यावर बाकी १ राहते, हा फर्मांचाच सिद्धांत (२ सोडून). बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, अवयव एकही न सापडता! उलटी बाजू मात्र फसवी: ३४१ मध्ये बाकी १ येते, पण ३४१ म्हणजे ११ × ३१. म्हणून कडक केलेली मिलर-राबिन कसोटी वापरतात. ३२१५०३१७५१ पेक्षा लहान संख्यांसाठी तिच्यात २, ३, ५ आणि ७ एवढेच चार पाये (वर २ चा घात घेतला तशा संख्या) घेतले की चुकीला वाव राहत नाही. आणि कुठल्याही संख्येसाठी मूळपणाची खात्रीशीर, वेगवान रीत असते हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या अग्रवाल, कायल आणि सक्सेना यांनी सिद्ध केलं.

मूळ आहे का हे कळणं सोपं आणि अवयव काढणं अवघड, या दरीवरच बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीचा डोलारा उभा आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघडी चावी म्हणून ठेवायचा, अवयव गुप्त. २५० अंकी अशी एक संख्या २०२० मध्ये फोडली गेली, पण त्यामागे असंख्य संगणकांची मेहनत होती. आणि इथे तुमच्या १३७१७४२१ चा धडा जसाच्या तसा लागू पडतो: दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घेतल्या तर चावी कितीही लांब असो, फर्माच्या दोन-चार पायऱ्यांत उघडते. २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी बनवलेल्या चाव्या खरोखर अशाच सापडल्या. दोघींत पुरेसं अंतर हवं अशी अट मानकांत असते ती यामुळेच.

फर्मांचं एवढं गुणगान केलं, तर त्यांची दुसरी बाजूही सांगतो. त्यांना वाटत होतं की ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, मूळ आहे. हीही दहा अंकीच. ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे. त्यांनीच पुढे सिद्ध केलं की या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असायला हवा. तशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच भाग जातो. सरसकट भागत गेलात तर शंभराहून जास्त भागाकार, अवयवाची जात ओळखली तर पाच.

राहता राहिलं, परीक्षेत असं काही आलं तर किती वेळ द्यायचा. ते पेपरवर अवलंबून आहे. राज्यसेवा किंवा बँकेच्या पेपरात प्रश्न काढणाऱ्यालाही दीड मिनिटात उत्तर यायला हवं असतं, म्हणून तिथल्या संख्या एक तर लहान अवयवांच्या असतात, नाहीतर मुद्दाम वर्गाच्या शेजारी बसवलेल्या. ८०५१ दिसली की ९० चा वर्ग आठवा: ८१०० − ४९, म्हणजे ८३ × ९७. ९९९१ म्हणजे १०००० − ९, म्हणजे ९७ × १०३. ऑलिम्पियाडला मात्र वेळ भरपूर असतो आणि संख्येच्या रूपातच वाट दडवलेली असते, तिथे आधी ४ आणि ३ ची चाळणी, मग बाकी सगळं. आणि क्लासमधल्या सरांना पुढच्या वेळी तुम्हीच एक संख्या द्या: १२३४५६७८९१. ही मूळ आहे. हाताने सिद्ध करायला साडेतीन हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल, त्यांनी वहीत करून आणावं म्हणावं.